बर्फातला तांबडा गडी

जानेवारीत मिनेसोटातली बाग खिडकीतूनच बघायची असते. बाहेर पारा उणे २५ सेल्सिअसवर, हिरवळ बर्फाखाली, गुलाब नेमके कुठे होते ते लावणाऱ्यालाच ठाऊक. पिओनी, होस्टा, लिली ही उन्हाळी मंडळी जमिनीत गुडूप. लायलॅक उभी आहे, पण मे महिन्यात गल्लीभर घमघमणारी ती हीच, हे पाहुण्याला सांगावं लागतं. करड्या काटक्यांचा भारा, दुसरं काही नाही. आणि घराच्या कोपऱ्यावर, जिथं छपराची पन्हळ उतरते, तिथं एक गडी लालभडक होऊन उभा असतो.

मुळापासून वर आलेल्या सरळसोट काड्या, पुरुषभर उंच, करंगळीएवढ्या जाड. पान नाही, फूल नाही, फळ नाही. नुसती साल आणि सालीचा रंग. जवळ जाऊन पाहिलं (म्हणजे बूट, कोट, टोपी, हातमोजे असा सगळा जामानिमा करून) तर तो रंग एकसारखा नसतो. दक्षिणेकडची, उन्हाची बाजू गडद तांबडी. मागची, सावलीतली बाजू मळकट, कुठं हिरवट झाक असलेली. सालीवर पांढुरके बारीक ठिपके, ती काडीची श्वास घ्यायची भोकं. डोळे समोरासमोर, जोडीजोडीनं, काडीला घट्ट चिकटून बसलेले. नखानं साल जराशी खरवडली की तांबड्याच्या खाली लख्ख हिरवं दिसतं. सगळं अंगण मेल्यासारखं पडलेलं असताना हा एकटा आतून हिरवा आहे, हे स्वतःच्या नखानं तपासून घ्यायला मला आवडतं.

इथं त्याला रेड ट्विग डॉगवुड म्हणतात, जरा जाणकार असतील ते रेड ओझियर डॉगवुड म्हणतात, आणि वनस्पतिशास्त्राच्या दप्तरी तो कॉर्नस सेरिसिया. मिनेसोटाच्या मूळ रहिवाशांपैकी ओजिब्वे, त्यांच्या भाषेत तो मिस्क्वाबीमिझ. त्याची ओली, लवचीक काडी टोपल्या विणायला आणि आतली साल वाळवून चिलमीच्या मिश्रणात घालायला, असा या लोकांचा त्याच्याशी जुना घरोबा. अलास्कापासून न्यूफाउंडलंडपर्यंत ओढ्याकाठी, दलदलीच्या कडेला, रस्त्यालगतच्या चरांत तो आपसूक वाढतो. गुलाबासारखी राजघराण्याची वंशावळ त्याला नाही. सायबेरियात आणि उत्तर चीनमध्ये त्याचा सख्खा भाऊ आहे, कॉर्नस आल्बा. युरोपातल्या बागांत मान आहे तो त्या भावाला. हा आपला अमेरिकेतला, चरातला.

आपल्याकडेही त्याचं एक नातं निघतं, आणि ते मला मोठ्या कौतुकाचं वाटतं. महाराष्ट्रातल्या कोरड्या रानांत, गावकुसाबाहेरच्या झाडीत अंकोल असतो. पानं झडलेल्या फांद्यांवर ऐन उन्हाळ्याच्या तोंडी पांढरी सुवासिक फुलं काढणारा. अलीकडच्या वर्गीकरणात अंकोल आणि डॉगवुड एकाच कुळात, कॉर्नेसीत, बसवले आहेत. एक चाळीस अंशांत उघड्या अंगानं फुलतो, दुसरा उणे चाळिसात उघड्या अंगानं तांबडा होतो. घराण्यातच काहीतरी हट्ट असावा.

हा गडी भेटतो मात्र चुकीच्या वेळी. निदान आमच्याकडच्या माणसांना. अमेरिकेतल्या मराठी घरांत आई-वडील येतात ते मे महिन्यात आणि ऑक्टोबरला परत जातात. सहा महिन्यांच्या मुक्कामाचं गणित त्यात बसतं आणि थंडीही टळते. माझे वडील तासगावचे द्राक्षबागायतदार. त्यांना तर ऑक्टोबर छाटणीसाठी परत जायलाच लागतं. त्यामुळं त्यांनी या झुडपाला पाहिलंय ते कायम हिरव्या, साध्या कपड्यांत. पहिल्यांदा आले तेव्हा अंगणातून एक फेरी मारून म्हणाले, ‘‘हे काय गं, कोपऱ्यात कडबा लावल्यागत? फूल न्हाई, फळ न्हाई.’’

‘‘आबा, थंडीत बघायचं असतं ते.’’

‘‘थंडीत इथं कोण येतंय मरायला!’’

त्यांचंही खरं होतं. जूनमध्ये या झुडपाकडं कुणी वळून बघत नाही. मेच्या अखेरीस त्याला फुलं येतात, मळकट पांढरी, बारीक, चपट्या झुबक्यांत. वासही धड नाही. तरी मधमाश्या त्यावर तुटून पडतात, आणि स्प्रिंग ॲझ्युअर नावाचं नखाएवढं निळं फुलपाखरू कळ्यांच्या झुबक्यांत अंडी घालतं. पान साधं, टोकदार, शिरा कमानीसारख्या वळून टोकाकडं जाणाऱ्या. पण त्या पानाची एक गंमत आहे, ती मी प्रत्येक पाहुण्याच्या पोराला दाखवते. पान आडवं धरून हळूच दोन भागांत तोडायचं. पान तुटतं, पण शिरांतून कोळ्याच्या जाळ्याइतके बारीक पांढरे धागे निघतात आणि खालचा अर्धा तुकडा वरच्या अर्ध्याला अधांतरी लटकत राहतो. डॉगवुडच्या जवळजवळ सगळ्या जातींत हे दिसतं. पान न बघता नुसत्या धाग्यावरून घराणं ओळखता येतं.

ऑगस्टमध्ये फळं येतात. पांढरी, किंचित निळसर, मोत्यांच्या आकाराची. ती आपल्यासाठी नव्हेत. रॉबिन येतात, कॅटबर्ड येतात, डोळ्यांवर काळा पट्टा बांधलेले सीडर वॅक्सविंग टोळीनं येतात आणि झुडूप धुऊन नेतात. मग सप्टेंबरात पानं वाइनच्या रंगाची होतात. इथं शरदातला शेंदरी-सोनेरी थाट मेपलचा, हा त्याच्या मागं उभा राहून जांभळट तांबडा होतो आणि गर्दीत हरवतो. आबा त्याच सुमाराला विमानात बसतात. पानं गळायची बाकी असतात. नाटकाचा पडदा वर जाण्याआधी प्रेक्षक घरी.

मग एका जानेवारीत व्हिडिओ कॉलवर फोन खिडकीकडं वळवला. दोन क्षण तिकडून काही आवाज नाही.

‘‘रंग मारलायस काय गं?’’

‘‘तोच कडबा आहे, आबा.’’

‘‘खोटं बोलतीस.’’ मग जरा वेळानं, बागायतदाराच्या आवाजात, ‘‘म्हंजे काडी पिकली म्हणायचं.’’

हे त्यांनी अगदी नेमकं ओळखलं. द्राक्षाच्या बागेत काडी पिकणं ही साधी गोष्ट नसते. हिरव्या, कोवळ्या काडीची साल तपकिरी होते, आत अन्नसाठा बसतो, आणि मगच ऑक्टोबरला तिच्यावर कात्री चालवायची. डॉगवुडची काडीही पिकतेच, फक्त पिकल्यावर तपकिरीऐवजी तांबडी होते. दिवस लहान होऊ लागले, रात्री गार पडू लागल्या, पानांचा आडोसा गेला आणि ऊन थेट सालीवर पडायला लागलं, की सालीत अँथोसायनिन साठतं. जांभळाला आणि लाल कोबीला रंग देणारं द्रव्य तेच. उन्हाळ्यात हीच काडी हिरवट, ओशाळलेली असते. थंडी वाढत जाते तसा गडी रंगात येतो.

पण नुसता रंग ही त्याची खरी कर्तबगारी नाही. त्याची खरी कर्तबगारी सेंट पॉलच्या प्रयोगशाळेत उघडकीला आली. मिनेसोटा विद्यापीठात सी. जे. वायझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात हेच झुडूप हाताशी धरलं आणि झाडं थंडीला तयार कशी होतात याचा पाठलाग केला. १९७० साली वायझर यांचा ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला लेख या विषयातला मैलाचा दगड मानतात. त्यांना जे दिसलं ते असं : ऐन वाढीच्या दिवसांत डॉगवुडची काडी उणे ३ सेल्सिअसलाही मरते. एक साधं हिव आणि खेळ खलास. तीच काडी जानेवारीत, टप्प्याटप्प्यानं गोठवत नेऊन द्रवरूप नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ सेल्सिअसला बुडवली, तर जिवंत बाहेर येते. पृथ्वीवर इतकी थंडी कुठंच पडत नाही. गड्यानं तयारी मात्र करून ठेवलेली असते.

ही तयारी दोन पायऱ्यांत होते. पहिली पायरी प्रकाशाची. ऑगस्टच्या शेवटी दिवस आखडू लागल्याचं पानांना कळतं, पानं ती वर्दी खोडाला देतात, शेंड्याची वाढ थांबते. अजून बाहेर लोक शॉर्ट घालून बार्बेक्यू करत असतात, पण यानं दुकान आवरायला घेतलेलं असतं. दुसरी पायरी पहिल्या खऱ्या हिवाची. त्यानंतर काडीची सोसण्याची ताकद भराभर वाढते. वर्म पाण्यात आहे. पेशीच्या आत बर्फाचे स्फटिक झाले तर पेशी फाटते. म्हणून हा आतलं पाणी बाहेर, पेशींच्या मधल्या मोकळ्या जागेत जाऊ देतो आणि तिथं खुशाल गोठू देतो. पेशी आक्रसतात, सुकतात, आत गोठण्याजोगं पाणीच उरत नाही. मग बाहेर उणे ३० असो की उणे ५०, गोठायचं काय?

ओक, शुगर मेपल, सफरचंद यांची रीत वेगळी. त्यांच्या लाकडाच्या काही पेशी पाणी आतच ठेवतात आणि ते न गोठू देता अतिथंड द्रवाच्या रूपात टिकवून धरतात. युक्ती हुशारीची, पण तिला उणे ४०च्या आसपास मर्यादा आहे. त्याखाली पाणी कुणाचंच ऐकत नाही, एकदम गोठतं. मिनेसोटाच्या उत्तरेला टॉवर नावाच्या गावी २ फेब्रुवारी १९९६ रोजी उणे ६० फॅरनहाइट, म्हणजे उणे ५१ सेल्सिअस नोंदलं गेलं. अशा मुलखात ओकची आणि शुगर मेपलची सद्दी संपत येते आणि बर्च, ॲस्पेन, विलो नि हा आमचा तांबडा, असे गडी निर्धास्त टिकतात.

त्या प्रयोगांतली आणखी एक गोष्ट बागकाम करणाऱ्याच्या थेट उपयोगाची आहे. उत्तर अमेरिकेच्या निरनिराळ्या भागांतून आणलेली याच जातीची झुडपं सेंट पॉलच्या शेतात शेजारी शेजारी लावली. ऐन हिवाळ्यात सगळी सारखीच चिवट ठरली. फरक पडला तो वेळेत. उत्तरेकडून आलेली लवकर आवरून मोकळी झाली, तर पश्चिम किनाऱ्याच्या मवाळ हवेतून आलेली रेंगाळली आणि शरदातल्या थंडीनं गाठली गेली. म्हणजे मारते ती जानेवारीची थंडी नव्हे, ऑक्टोबरची बेसावध रात्र. तेव्हा ऑनलाइन चित्र बघून दूरच्या गरम राज्यातून झुडूप मागवण्यापेक्षा जवळच्या रोपवाटिकेत तुमच्याच हवेत वाढवलेलं रोप घेतलेलं केव्हाही बरं, जातीचं नाव तेच असलं तरी.

इथं झाडाच्या पाटीवर झोनचा आकडा असतो. अमेरिकेच्या कृषी खात्यानं १९६० साली हा नकाशा पहिल्यांदा काढला, शेवटची सुधारित आवृत्ती २०२३ची. दर वर्षीच्या सर्वांत थंड रात्रीची सरासरी काढून देशाचे १३ पट्टे पाडलेत. नव्या नकाशात जवळजवळ निम्मा देश अर्ध्या झोननं उबदार पट्ट्यात सरकला, आणि मिनिआपोलिसकर हे कळल्यावर झोन पाचची रोपं विकत घ्यायला धावले. मला ही घाई पटत नाही. सरासरी ही सरासरीच असते. सरासरीपेक्षा थंड रात्र यायची ती येतेच, आणि झाडाला मरायला एकच रात्र पुरते. आमचा डॉगवुड झोन दोनचा, म्हणजे उणे ४५पर्यंत निर्धास्त. त्याला नकाशा बदललेला कळलेलाही नाही.

खरी फसगत रोपवाटिकेत होते, आणि ती मे महिन्यात होते. सहा महिने पांढरं बघून डोळे भुकेले असतात. जे फुललेलं दिसेल ते गाडीत घालावंसं वाटतं. फोर्सिथिया पिवळी धमक उभी असते, तिच्याइतकी भोळी गिऱ्हाइकं दुसऱ्या कुणाला मिळत नसतील. घरी नेऊन लावावी आणि पुढच्या वसंतात बघावं, तर जुन्या जातींना फक्त गुडघ्याखाली फुलं येतात. हिवाळ्यात बर्फ जितका चढला होता तितकीच. बर्फाखाली ऊब असते, तिथल्या कळ्या जगतात, वरच्या सगळ्या गोठून जातात. झुडपाच्या अंगावर गेल्या हिवाळ्याच्या बर्फाची खूणच उमटते म्हणा ना. विद्यापीठानं ‘नॉर्दर्न सन’ नावाची चिवट फोर्सिथिया काढली म्हणून बरं, नाहीतर हा विनोद दर वर्षी चालू राहिला असता. ॲझेलियाचंही तेच. १९७८पासून ‘नॉर्दर्न लाइट्स’ मालिकेतल्या ॲझेलिया आल्या आणि मिनेसोटाकरांना पहिल्यांदा स्वतःच्या अंगणात ॲझेलिया पाहायला मिळाली. पण तीही फुलते दोनेक आठवडे. उरलेलं वर्ष तिचं काय करायचं?

काहीजण म्हणतात, मग सदाहरित लावा. लावावंच, पण बघून. थुजा, यू ही मंडळी हिवाळाभर हिरवी असतात खरी, फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र त्यांची गाळण उडते. ऊन कडक पडतं, पानांतून पाणी उडत राहतं, आणि मुळं गोठलेल्या जमिनीत असल्यानं वर थेंब पोचत नाही. दक्षिणेची बाजू भाजल्यासारखी तांबूस होते. मग लोक नोव्हेंबरात गोणपाट आणून त्यांना गुंडाळतात. गल्लीत पाच महिने गोणपाटात बांधलेले भूतासारखे आकार. जे झाड पाहायचं त्याच मोसमात गुंडाळून ठेवावं लागतं ते बारमाही शोभेचं कसं, हे मला आजवर कुणी नीट सांगितलेलं नाही.

हिवाळ्यात डॉगवुडला खऱ्या अर्थानं सोबत करणारे दोघे-तिघेच. विंटरबेरी हा त्यातला मानकरी. पानं झडून गेल्यावर काळ्या फांद्यांवर लाल फळांचे घोस. अट एवढीच की नर आणि मादी झुडूप वेगवेगळं असतं. नर जवळ नसेल तर मादीला एक फळ धरत नाही, आणि रोपवाटिकेत नराला कुणी विचारत नाही कारण त्याला स्वतःला फळ येत नाही. पॅनिकल हायड्रेंजियाची वाळकी फुलं काढली नाहीत तर त्यांच्यावर बर्फाच्या टोप्या बसतात, तेही छान दिसतं. विच हेझल ऑक्टोबर-नोव्हेंबरात, बाकी सगळ्यांनी गाशा गुंडाळल्यावर, कागदाच्या चिंध्यांसारखी पिवळी फुलं काढतं. हे सगळे पाहुणे कलाकार. डॉगवुडला मागं गडद हिरवा स्प्रूस किंवा थुजा, समोर मोकळा बर्फ आणि दुपारचं तिरपं ऊन मिळालं, तर त्या तासाभरासाठी बाकी बागेची गरज उरत नाही. एकटं झुडूप लावू नये मात्र. तीन-चार एकत्र असली तर रंगाचा भरणा दिसतो. एकटं असलं की कुणीतरी लाल काठ्या विसरून गेल्यासारखं वाटतं.

प्रकारही बरेच निघालेत. ‘कार्डिनल’ आणि ‘इसँटी’ हे दोन आमच्याच विद्यापीठाचे. पहिल्याचा रंग तेजस्वी, दुसरा बुटका नि आटोपशीर. ‘फ्लॅव्हिरामिया’ची काडी पिवळी, तांबड्याच्या शेजारी लावली तर दोघांचीही शोभा वाढते. लहान अंगणाला ‘आर्क्टिक फायर’ पुरे. पानांवर पांढऱ्या कडा असलेले प्रकारही मिळतात, उन्हाळ्यातही काहीतरी दिसावं म्हणून. मला ते आवडत नाहीत. उन्हाळ्यात गप्प राहणं हा या माणसाचा स्वभाव आहे, त्याला जबरदस्तीनं बोलतं कशाला करायचं?

अवगुण आहेत, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. खालच्या काड्या जमिनीला टेकल्या की तिथं मुळं फुटतात आणि गडी हातपाय पसरायला लागतो. तीन-चार हात जागा त्यानं कधी घेतली कळत नाही. दमट उन्हाळ्यात पानांवर जांभळे ठिपके पडतात, आणि खूप दाटी झाली तर काड्याही करपतात. ससे हे त्याचे जन्माचे वैरी. हिवाळ्यात भुकेले कॉटनटेल ससे काडी सुरीनं कापल्यासारखी तिरकी, स्वच्छ छाटतात. हरणानं खाल्लेली काडी मात्र फाटलेली, चिंधडलेली असते, म्हणजे पंचनामा करायला अवघड जात नाही. बर्फ जितका उंच, तितकं सशाचं तोंड वर पोचतं. कोंबड्यांची जाळी लावायची तर हे लक्षात ठेवूनच उंची ठरवायची. राज्याच्या उत्तरेला हरणाहून थोर गिऱ्हाईक आहे, मूस. त्याच्या हिवाळी जेवणात या काड्यांना फार वरचं स्थान.

सगळ्यांत जास्त हाल मात्र ससा करत नाही, माणूस करतो. चिवट म्हणून हा सगळ्या मॉलच्या पार्किंगमध्ये लावतात, आणि मग कंत्राटदाराची पोरं मशीन घेऊन येतात नि त्याला चेंडूसारखा गोल कातरतात. वरून दाट, आतून जुन्या काड्यांचा भुसा. काडीचा रंग वयावर असतो. पहिल्या-दुसऱ्या वर्षीची काडी सर्वांत तांबडी, पुढं साल जाड होते, भेगाळते आणि करडी-तपकिरी होते. वरवर कातरत राहिलं तर जुन्या काड्या कधी जात नाहीत आणि नव्या बुडातून येत नाहीत. दोन-चार वर्षांत तांबडा गडी मातीच्या रंगाचा होतो, आणि लोक म्हणतात, याचा रंग उतरला. रंग उतरला नाही, छाटणी चुकली.

छाटणीची वेळ मार्चच्या शेवटी. बर्फ निम्मा उतरलेला, डोळे अजून झोपलेले. बुंध्याशी वाकून बघायचं. सर्वांत जाड, करड्या, खरखरीत काड्या शोधायच्या आणि साधारण एक तृतीयांश अगदी जमिनीलगत काढायच्या. दर वर्षी एवढं केलं की तीन वर्षांत सगळं झुडूप नवं होतं. नाहीतर धीट असाल तर दोन-तीन वर्षांनी एकदा अख्खं झुडूप वीतभर ठेवून साफ उतरवायचं. रोप मात्र मुरलेलं हवं, नवख्याला ही शिक्षा देऊ नये. शेजारचे गोरे आजोबा हे पाहून दर वेळी हळहळतात. आबांना फोनवर दाखवलं तर ते हळहळले नाहीत.

‘‘खरडछाटणी की ही,’’ ते म्हणाले. ‘‘एप्रिलात आपण काय करतो? सगळं खरडून टाकतो, तवा कुठं नवी काडी येती. भ्यायचं न्हाई.’’

त्या वर्षापासून आमचे मार्चमधले फोन लांबायला लागले आहेत. तिकडं त्यांच्या बागेत माल उतरलेला असतो आणि पुढच्या खरडछाटणीचे मजूर ठरवायचे असतात. इकडं माझ्या हातात सिकेटर आणि पायांत चिखलाचे बूट. फोन पन्हळीच्या कडेला टेकवून ठेवते आणि ते तासगावहून हुकूम सोडतात. ‘‘ती मधली काढ. न्हाई, ती न्हाई, तिच्या डावीकडची. आतनं उजेड आला पायजे.’’ त्यांनी हे झुडूप तांबडं झालेलं समोर कधीच पाहिलेलं नाही, पण त्याची एकेक काडी त्यांना आता ओळखीची झालीय.

काढलेल्या काड्या टाकायच्या नसतात. डिसेंबरात तर इथल्या रोपवाटिका या तांबड्या काड्यांच्या जुड्या बांधून विकतात. लोक त्या स्प्रूसच्या फांद्यांबरोबर दारातल्या कुंड्यांत खोचतात, त्यालाच विंटर पॉट म्हणतात. मार्चमधल्या काड्यांचा उपयोग त्याहून मोठा. पेन्सिलीएवढी जाड, हातभर लांब, सुप्त काडी ओल्या मातीत खोचली की ती मुळं धरते. ओढ्यांचे ढासळते काठ धरून ठेवण्यासाठी इथं अशाच जिवंत काड्या ठोकतात. घरी तर त्याहून सोपं. पन्हळीचं पाणी जिथं साचतं, जिथं दुसरं काही जगत नाही, तिथं त्या खोचायच्या. मी यंदा चारेक काड्या शेजाऱ्यांना दिल्या, दोन मैत्रिणींनी नेल्या, बाकीच्या माझ्याच चरासाठी.

‘‘दोन डोळं मातीत, दोन वर,’’ आबांनी बजावलं. ‘‘उलटी खोचू नको.’’

‘‘आबा, माती अजून गोठलेली आहे. पहारही शिरत नाही.’’

‘‘मग बादलीत ठेव की तवर. पाणी बदलत जा.’’